दळणाचा नंबर

त्यानं डब्बा पायानं सरकवला.

हात पिठात होते असं तो नंतर म्हणाला. खोटं. हातात मोबाईल होता. पायातली चप्पल तशीच ठेवून त्यानं आमचा ज्वारीचा डब्बा ओळीतून बाहेर ढकलला, पार उंबऱ्यापर्यंत. फरशीवर पत्रा करकरला. मायचा नंबर तिसरा होता. आता नंबरच राहिला नाही.

"तुमचं मागून," तो म्हणाला. "सगळ्यायचं झाल्यावर."

माय म्हणाली, "बरं."

डब्ब्याला लागलेली चपलेची धूळ तिनं पदरानं पुसली आणि बाहेर उन्हात जाऊन बसली. ओळीतल्या बायकांनी आपापले डब्बे वीतभर पुढं घेतले. रिकामी जागा भरून निघाली.

मी तिथंच उभी होते. कॉलेजातून तशीच आले होते. पिशवीत संघटनेची पत्रकं होती, दोनशे तरी असतील. शेजारच्या तालुक्यात एका गावात आमच्या लोकांना पाण्याच्या टाकीवरून हुसकावलं होतं, त्याबद्दल. मजकूर माझा. 'गप्प बसणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही' ही ओळ माझी. सगळ्यांनी तारीफ केली होती. ती पिशवी छातीशी धरून मी मायजवळ गेले आणि उन्हात बसले. गप्प.

परक्या गावच्या अपमानावर पत्रक लिहायला मला अर्धा तास लागतो. आपल्या मायच्या डब्ब्यावर तोंड उघडायला सात महिने लागले.

ही गिरणी आमच्या घरमालकाच्या धाकट्या भावाची. डब्बा सरकवणारा तोच. आमची खोली तिला लागूनच. मधे भिंत नाही, पत्रा आहे. लाकडाच्या चौकटीला ठोकलेला, खाली गंजून झिजलेला पत्रा. त्या पत्र्याला डोकं लावून माझा बाप झोपतो.

बाप जिनिंगवर राखणदार आहे. कापसाच्या गंजीला कधी आग लागेल सांगता येत नाही, म्हणून रात्रभर जागायचं. सकाळी आठला घरी. आंघोळ, भाकर, आडवा. नऊला गिरणी सुरू. पट्टा फटफटायला लागतो, पत्रा थरथरतो, फळीवरच्या वाट्या हळूहळू कडेला येतात. दिवसातून दोनदा त्या मागं साराव्या लागतात. फटीतून पीठ येतं. दुपारी बाप उठून बसतो तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या असतात. कानात जिनिंगवरून आणलेल्या कापसाचे बोळे. डोळे मात्र लाल. झोपून उठल्यावर कुणाचे डोळे इतके लाल नसतात.

गिरणीला आठवड्याची सुट्टी असते. त्या दिवशी दगडाला टाकी लावतात, झिजलेल्या खाचा नव्यानं पाडतात. छिन्नी, हातोडी. टक टक टक, सकाळपासून दुपारपर्यंत. म्हणजे सुट्टीच्या दिवशीही सुट्टी नाही.

खोली बघायला गेलो तेव्हा गिरणी बंद होती. लोडशेडिंगची वेळ होती. मालकानंच ती वेळ दिली होती. आडनाव त्यानं आधीच विचारलं. ऐकून हसला. "हरकत न्हाई. मी असलं काई मानत न्हाई," म्हणाला. बापाच्या डोळ्यात पाणी आलं. पाथरीकडचं गाव सोडून आल्यापासून पाच ठिकाणी आडनावावर दार बंद झालं होतं. तरीही बापानं विचारलं, हात जोडून विचारलं, "मालक, मी दिवसा झोपणारा माणूस हाय. ही गिरणी चालू झाली की कसं?"

"दसऱ्याच्या आत वीटबांधकाम करून देतो. नऊ इंची भिंत. मंग ढाराढूर झोप. माझा शब्द हाय."

बाप तीन दिवस भेटेल त्याला सांगत होता, मालक म्हणजे देवमाणूस.

पुढं कळलं. ती खोली दोन वर्षं रिकामी होती. त्या आवाजात कुणी टिकत नव्हतं. त्याला भाडेकरू मिळत नव्हता आणि आम्हाला खोली. एवढाच तो देव.

दसरा गेला. दिवाळी गेली. संक्रांतीच्या आधी एक ट्रॅक्टर विटा आल्या. गल्लीत ट्रॅक्टर शिरेना, म्हणून विटा रस्त्यावरच ओतल्या. बाप नुकताच ड्युटीवरून आला होता. भाकर न खाता तो विटा वाहायला लागला. मीही लागले. मायही. बाप एकेक वीट बघायचा, ठोकून बघायचा. "खणखणीत हायेत," म्हणायचा. अकरा वाजेपर्यंत आम्ही तिघांनी सगळ्या विटा गिरणीच्या बाजूला रचल्या. मालकाचा भाऊ दारात बसून बघत होता. मायला म्हणाला, "बाई, जरा भिंतीला लावून नीट रचा."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्या विटांचा गिरणीसमोर ओटा झाला. गिऱ्हाईकांना बसायला.

बाप विचारायला गेला. मालक म्हणाला, "गिरणी भावाची हाय, विटा त्यानं आणल्या. त्याला बोला." भाऊ म्हणाला, "खोली दादाची हाय. भिंत त्याला बोला." दोघांची चूल एक. दोघांचं ताट एक. फक्त आमच्या भिंतीपुरते ते वेगळे निघाले होते.

आता दळणाची गोष्ट सांगते. यात चूक आमचीही आहे.

गिरणीचा एक नियम असतो, तो सगळ्यांना माहीत आहे. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. आधी हरभऱ्याची डाळ दळली असेल तर लगेच कुणी गहू टाकत नाही. दगडात आधीच्या दळणाचं पसाभर पीठ राहतं, ते पुढच्यात उतरतं. म्हणून पहिल्यांदा त्यानं मायला थांबवलं तेव्हा मायला वाटलं, गहू चालू आहे, आपली ज्वारी आहे, बरोबर आहे. दुसऱ्या वेळी तिनं गहू नेला. तेव्हा ज्वारी चालू होती. "मागून."

मग माय शिकली. पत्र्याला कान लावून तिनं गिरणीचा आवाज ओळखायला घेतला. गहू पडला की गिरणी जड चालते, घुमते. ज्वारी पडली की आवाज मोकळा होतो, वरचा. डाळ कडकडते. मायला शाळा नाही, पण पत्र्याअलीकडून ती सांगायची, आता डाळ संपली, आता गहू पडला. ज्वारीचा आवाज आला की चूल सोडून डब्बा उचलायची आणि पळायची. चप्पल न घालता. पोचायची तेव्हा ज्वारीच चालू असायची. "मागून," तो म्हणायचा आणि दुसऱ्या कुणाचा तरी गहू वर टाकायचा.

माय घरी येऊन मला सांगायची, "आज बी चुकलं. माझ्या आंदीच कुणी तरी गहू टाकला."

आणि मी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, पत्रकं लिहिणारी मी म्हणायचे, "अजून लवकर जात जा."

सात महिने आम्ही धान्याचा नंबर शोधत होतो. नंबर धान्याचा नव्हता. संध्याकाळी सगळ्यांचं संपलं की तो आमचं दळायचा आणि गिरणी बंद करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा कोंडा फिरवून घ्यायचा. तो कोंड्याचा आवाज माय ओळखायची. "गिरणी साफ करायला लागला," म्हणायची. साफ कशासाठी, ते तिनं विचारलं नाही. मीही नाही.

डब्बा पायानं सरकवला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाप ड्युटीवर झोपलेला सापडला.

पहाटेची वेळ होती. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला. सुपरवायझरनं उठवलं नाही. आधी फोटो काढला. मांडीवर काठी, तोंड उघडं, कानात कापसाचे बोळे. कानातले बोळे काढायलाही तो विसरला होता. फोटो जिनिंगच्या ग्रुपवर गेला. खाली कुणी तरी लिहिलं, कुंभकर्ण. बापाला सांगितलं, परत एकदा सापडला तर घरी बसायचं.

तो फोटो गावात फिरत फिरत गिरणीत आला.

सकाळचे दहा वाजले असतील. मी आणि माय ओळीत होतो. आमचा डब्बा दुसरा. पहिला डब्बा समोरच्या घरातल्या सुमनकाकूंचा, तो गिरणीखाली लागलेला, त्यांची ज्वारी पडत होती. मागं चार-पाच बायका. मालकाच्या भावानं मोबाईल काढला आणि सगळ्यांना दाखवला.

"बगा वो, जिनिंगचा पहारा."

"आगं बया, तोंड तर बगा," कुणी तरी म्हणालं.

"कानात काय घातलंय?"

"कापूस. चोरीचा आसंल." हे तो म्हणाला.

सगळ्या हसल्या. मग त्यानं मोबाईल मायच्या तोंडासमोर धरला. "वळखलं का बाई?"

माय हसली.

तोंडाला पदर लावून हसली. "लागला आसंल डोळा," म्हणाली आणि परत हसली. तिला हसायचं नव्हतं. सगळ्या हसत असताना आपण हसलो नाही तर राग येईल, मग डब्बा अजून मागं जाईल, हे तिच्या हाडात बसलं आहे. नवऱ्याच्या उघड्या तोंडाला ती त्याच्या मारेकऱ्यांबरोबर हसली.

पत्र्याच्या पलीकडं बाज करकरली. बाप कूस बदलत होता. म्हणजे जागा होता. पत्र्यातून गिरणी जशी आमच्याकडं येते तसंच हसणंही येतं. त्यानं मायचं हसणं ऐकलं.

मी डब्बा उचलला.

"आता काय चालू आहे?" मी विचारलं.

"दिसत न्हाई का? ज्वारी."

"आमचीही ज्वारी आहे. यांच्या मागं नंबर आमचा."

"तुमचं मागून आसतंय. तुला म्हाईत न्हाई का?"

"का मागून?"

तो मोबाईल बघायला लागला.

"का ते सांगा. मोठ्यानं सांगा, सगळ्यांना ऐकू द्या."

मग तो बोलला. गिरणीच्या आवाजावरून बोलावं लागतं म्हणून ओरडूनच बोलला. "तुमच्या दळणाचं पीठ दगडात ऱ्हातंय. त्याच्यावर दुसऱ्याचं पडतंय. लोकायच्या घरात म्हातारे माणसं आसतेत, देवधर्म आसतोय. मला काय न्हाई, लोकं नाराज व्हतेत."

शब्द न शब्द असाच. मी तेव्हाच पाठ केला.

मी ओळीकडं वळले. "कोण नाराज होतंय?" एकीनंही वर बघितलं नाही. डब्ब्यांकडं बघत होत्या, जणू डब्बे उत्तर देतील.

गिरणीला धान्य टाकायला लाकडी पायरी असते. मी पायरीवर चढले आणि अख्खा डब्बा ओतला. सुमनकाकूंची मूठभर ज्वारी अजून वर शिल्लक होती, तिच्यावर. तो बटनाकडं धावला. तोवर दगडांनी ज्वारी घेतली होती. खाली सुमनकाकूंच्या डब्ब्यात आमचं पीठ पडलं. पांढऱ्यावर पांढरं. कुठलं कुणाचं, ओळखून दाखवा.

गिरणी थांबली. पत्रा थरथरायचा थांबला.

सुमनकाकू म्हणाल्या, "आता माझ्या पिठाचं काय?" त्या डब्बा तिथंच सोडून गेल्या. घरचं पीठ, घरचा डब्बा, सोडून गेल्या.

मायनं माझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. "काय केलंस हे, भवाने," म्हणाली आणि खाली बसून सांडलेली ज्वारी वेचायला लागली. एकेक दाणा. मालकाचा भाऊ तिच्या डोक्यावर उभा होता. म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. हात लावू नको आता कशाला."

त्या दिवशी दगड काढले. पाईप लावून धुतले. दोन दिवस उन्हात वाळवले. सुमनकाकूंच्या डब्ब्यातलं पीठ मालकाच्या म्हशीला घातलं. म्हशीला चालतं. म्हशीचं दूध त्यांना चालतं. मधल्या मधे काय धुतलं जातं, ते त्यांनाच माहीत.

दोन दिवस गिरणी बंद. टाकीसुद्धा नाही. बाप सकाळी आडवा झाला आणि दिवेलागणीला उठला. सात महिन्यांत पहिल्यांदा. उठला तेव्हा घाबरला होता. म्हणाला, "लाईट गेली का?"



तिसऱ्या दिवशी मालक स्वतः आला. तोच, असलं काही न मानणारा. दारातूनच बोलला. "चार दिवसात खोली खाली करा."

मी म्हणाले, "आधी भिंत बांधून द्या."

"कसली भिंत?"

"नऊ इंची."

तो बापाकडं वळला. "पोरीला आवर. लय शिकिवलंस."

बाप खाली बघत होता.

मी ठाण्यात गेले. तक्रार घरूनच लिहून नेली होती, तेवढं मला येतं. तिथला माणूस वाचून म्हणाला, "दळणाच्या नंबरवरून किरकोळ वाद, असं घेऊ का?" मी म्हणाले, "नंबर का दिला नाही, ते त्यानं तोंडानं सांगितलंय. ते घ्या." तो म्हणाला, "उद्या या." उद्या गेले. परवा गेले. चौथ्या खेपेला संघटनेच्या पाच बायका बरोबर नेल्या, तेव्हा कारण कागदावर आलं.

साक्षीदार विचारले. ओळीतल्या बायका म्हणाल्या, आमी न्हवतोच तिथं. सुमनकाकू म्हणाल्या, मी त्या दिवशी दळायलाच गेले न्हाई. त्यांचा डब्बा तेव्हाही गिरणीत होता, धुवून पालथा घातलेला.

मग आमच्याच समाजाचे एक पुढारी घरी आले. यांच्या सभेची पत्रकं मी लिहिलेली आहेत. मायनं चहा केला. गिरणी चालू होती, म्हणून ते बापाच्या कानाशी वाकून बोलत होते, पण मला सगळं ऐकू आलं. मालक तयार आहे. आठ दिवसांत भिंत. खोली सोडायची गरज नाही. दळणाचंही अडणार नाही, आमचा डब्बा मालकाची माणसं दारातून घेऊन जातील, दळून आणून देतील. मायनं किंवा मी गिरणीत यायचं कारण नाही.

"फक्त कागद माघारी घ्यायचा," ते मला म्हणाले. "पोरी, तुला भिंत पायजे का भांडण?"

सात महिने जी भिंत झाली नाही ती आठ दिवसांत होणार होती. का, ते मला डब्बा दारातून नेण्याच्या अटीवरून कळलं. आम्ही दिसू नये म्हणून. आमच्या झोपेसाठी त्यांच्याकडं वीट नव्हती, आम्हाला ओळीतून काढायला ट्रॅक्टरभर होत्या.

मी नाही म्हणाले.

तेव्हा बाप बोलला. या सगळ्यावर पहिल्यांदा.

"घे माघारी," म्हणाला. "मला बाकी काई नको. मला झोप पायजे. अजून एकदा सापडलो तर हाकलतेत." त्यानं हात जोडले. खोली घेताना मालकासमोर जोडले होते तसेच. माझ्यासमोर. "तुझ्या पाया पडतो."

बापानं पोरीपुढं हात जोडलेले मी बघितले आहेत. त्या दोन भावांनी माझ्या घरात एवढं करून ठेवलं आहे. भिंतीनं ते भरून येणार नाही.

मी त्याचे हात सोडवले आणि परत नाही म्हणाले. पुढारी चहा अर्धा टाकून उठले. जाताना मायला म्हणाले, "पुस्तकं लय झाली." बाप त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. सकाळी येतो, भाकर खातो, बोळे घालून पत्र्याला डोकं लावतो. झोपत नाही. मला दिसतं.

सोमवारी माझा जबाब आहे. काय सांगणार ते इथं लिहून ठेवते, म्हणजे मधल्या दिवसांत मला समजवायला कुणी येऊ नये. तो म्हणाला, तुमच्या दळणाचं पीठ दगडात ऱ्हातंय, त्याच्यावर दुसऱ्याचं पडतंय. हे शब्द त्याचे आहेत. मी एकही गाळणार नाही, एकही मऊ करणार नाही. साक्षीदार नसतील तर एकटीच्या तोंडानं सांगेन. खोली सोडणार नाही, आणि भिंत मागायचीही सोडणार नाही. भिंत हा भाड्याबरोबर दिलेला शब्द आहे, माझ्या गप्प बसण्याचा मोबदला म्हणून ती मी घेणार नाही.

बापाची नोकरी कदाचित जाईल. मी त्याला झोप मिळवून देऊ शकत होते आणि दिली नाही. तेही माझ्या नावावर लिहा. जबाब बदलणार नाही.